थव्याची जोडी होत नाही

फिशटँकच्या दुकानात निऑन टेट्रा जोडीच्या भावाने मिळतो. याला कुणी हरकत घेतली, तर उत्तरं तयार असतात. एवढासा मासा, त्याला जागा ती कितीशी लागणार? दोन असले की एकमेकांना सोबत झाली. टाकी रंगीत दिसायला हवी ना, मग प्रत्येक जातीचे दोन-दोन घ्या. आणि मेलाच एखादा, तर वीस-पंचवीस रुपयांचा तर मामला, दुसरा आणा. ही उत्तरं एकटा दुकानदार देत नाही. भाच्याच्या वाढदिवसाला काचेचा बाऊल घेऊन येणारा मामा, वास्तुदोषावर मासे सुचवणारे सल्लागार, वर्षानुवर्षं टाकी बाळगणारे शेजारी, सगळे हीच री ओढतात. कुत्रं दोन दिवस बाल्कनीत बांधून ठेवलं, तर सोसायटीच्या ग्रुपवर बोभाटा होतो. मासा मेला की फ्लश दाबला जातो आणि विषय संपतो. मासा ओरडत नाही, एवढ्या एका सोयीवर हा सगळा युक्तिवाद उभा आहे.

त्याचा एकेका मुद्द्याने समाचार घ्यायला हवा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. निऑन, कार्डिनल, टायगर बार्ब, रोझी बार्ब, डेनिसन बार्ब हे सगळे थव्याने राहणारे मासे आहेत. ते थव्यानेच पाळायचे असतात. दहा मासे ठेवण्याइतकी जागा, पाणी आणि सवड असेल तर दहा ठेवा. नसेल तर त्या जातीचा एकही मासा घरी आणू नका. मधला मार्ग म्हणून जी जोडी विकली जाते, ती माशासाठी सगळ्यांत वाईट सोय आहे.

आधी ‘दोन म्हणजे सोबत’ हा मुद्दा घेऊ. मासे थवा का करतात, याचा अभ्यास अर्ध्या शतकाहून जास्त काळ चालू आहे. 1971 मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं की कळपातला प्रत्येक जीव स्वतःच्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये दुसरा कुणीतरी यावा अशा बेताने जागा धरतो, आणि प्रत्येकाच्या या स्वार्थातूनच कळप घट्ट होतो. 1974 मध्ये नील आणि कलन या दोघांनी शिकारी माशांसमोर आणि माकुळांसमोर लहान-मोठे थवे सोडून पाहिले. थवा जितका मोठा, तितका शिकाऱ्याचा नेम चुकत गेला, कारण एकावर नजर ठरेपर्यंत दुसरा आडवा येतो. 1982 मध्ये पिचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की मोठ्या थव्यातल्या माशांना अन्नही लवकर सापडतं. आडोसा, शिकाऱ्याचा गोंधळ आणि जास्त डोळे, हे थव्याचे तीन फायदे. जोडीला यांतला एकही मिळत नाही. दोन माशांत दोघेही कडेला असतात, आत असा कुणी नसतोच.

यावर चलाख प्रश्न येतो: ‘अहो, पण टाकीत शिकारी आहे कुठे? खाणारं कुणी नाही, मग थवा हवा कशाला?’ प्रश्न बिनतोड वाटतो. पण शिकारी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, माशाला नाही. लाखो वर्षं जी भीती अंगात मुरली, ती काचेची टाकी विकत घेतल्याने जात नाही. माशाच्या अंगात ही भीती किती खोल असते, ते कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 मध्ये दाखवून दिलं. जखमी मिनो माशाच्या कातडीतून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याच्या नुसत्या वासाने बाकीचे मासे घाबरून पळतात, दडतात. टेट्रा आणि बार्ब ज्या मोठ्या मत्स्यगटात येतात, त्या गटात ही व्यवस्था सर्रास आढळते. आता याला 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला झेब्रा माशावरचा पोर्तुगालमधला प्रयोग जोडून पाहा. भीतीचं हेच द्रव्य पाण्यात सोडलं, पण समोर आपल्या जातीचा थवा दिसत असेल, तर माशाची घाबरगुंडी कमी होते. म्हणजे ‘इथे धोका नाही’ हे माशाला कळण्याची एक मोठी वाट म्हणजे भोवतीचे दहाजण निवांत असणं. थवा काढून घेतला की ती खात्री गेली. मग शिकारी नसलेल्या पाण्यातही मासा शिकारी असल्यासारखाच जगतो. त्यामुळे टाकीत शिकारी नाही हा मुद्दा जोडीच्या बाजूचा नाही, तिच्या विरुद्धचा आहे.

हे नुसतं तर्काने म्हणायचं कारण नाही. घरगुती टाक्यांत नेहमी ठेवल्या जाणाऱ्या चार जाती घेऊन ब्रिटनमध्ये हीच गोष्ट तपासली गेली आणि तो अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निऑन टेट्रा, टायगर बार्ब, व्हाइट क्लाउड मिनो आणि एंजल फिश या त्या जाती. गट केले होते एक, दोन, पाच आणि दहा माशांचे. निष्कर्ष आपल्या जोडीवाल्यांना न आवडणारा होता: गट लहान ठेवण्याचा वागण्यावर वाईट परिणाम होतो. थव्याच्या माशांचं एकत्र पोहणं गट मोठा होईल तसं वाढत गेलं. जोडीने मासे विकणाऱ्याने एवढा एक अभ्यास वाचला असता, तरी भावफलक बदलला असता.

प्रयोग नको असतील तर डोळे उघडे ठेवून पाहा. बाऊलमधले दोन निऑन पाहायला बहुतेक वेळा वाकावं लागतं, कारण ते प्लॅस्टिकच्या झाडामागे तोंड खुपसून असतात. निळी पट्टी फिकी, लाल भाग विटका. खाणं टाकायला हात वर आला की दोघे दोन दिशांना सुटतात, काचेवर आपटतात आणि पुन्हा त्याच झाडामागे जातात. दाणे वरून बुडायला लागतात, हात दूर होतो, मग एकजण बाहेर येऊन एक दाणा उचलतो आणि परत फिरतो. ‘आमचे मासे फार शांत आहेत’ असं घरमालक कौतुकाने सांगतात, ती ही शांतता.

आता तीन फुटी टाकीतले दहा-बारा निऑन पाहा. खाली गडद रंगाची खडी, मागे खरी झाडं. सकाळी दिवा लावला की रात्रभर मळकट तपकिरी-जांभळी झालेली पट्टी काही मिनिटांत पुन्हा निळी होते. मासे मधल्या पाण्यात सैल पसरलेले असतात. कुणी झाडाची पानं टोचतो, दोघे एकमेकांना पंख ताणून दाखवतात. दरवाजा आपटला की क्षणात सगळे एका दिशेला तोंड करून गोळा होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा सैलावतात. अनुभवी माणूस टाकी वाचतो ती इथे. मासे सतत घट्ट गोळा होऊन राहत असतील तर ते घाबरलेले आहेत. सैल पसरले तर निर्धास्त. दुकानात जाळी बुडली की शंभर निऑन कोपऱ्यात चिकटून एक झळाळता गोळा होतो आणि गिऱ्हाईक ‘वा’ म्हणतं. ती वाहवा माशांच्या भीतीला मिळते.

दुसरा मुद्दा रंगीबेरंगी टाकीचा. दोन निऑन, दोन टायगर बार्ब, दोन ब्लॅक विडो, दोन झेब्रा: मासे आठ झाले, मग थवा झाला की! झाला नाही. मासा आपल्या जातीच्या, आपल्या आकाराच्या माशांकडे ओढला जातो. भजनी मंडळातले दोन, ढोल पथकातले दोन, कबड्डीच्या संघातले दोन आणि बँकेच्या रांगेतले दोन एका खोलीत बसवले, तर माणसं आठ होतात, पण संघ एकाचाही होत नाही. माशांच्या बाबतीत तर वेगळेपण हाच धोका असतो. 1986 मध्ये लँडो आणि टरबर्ग यांनी चंदेरी मिनोंच्या थव्यात निळा रंग दिलेले एक-दोन मासे मिसळले. तसे ते मिसळले की शिकारी बास माशाला थव्यातून भक्ष्य उचलणं सोपं झालं. वेगळं दिसणं जिथे जिवावर बेततं, तिथे मासा वेगळ्यांच्या गर्दीत निवांत राहील अशी अपेक्षा करणं हे आपलं अज्ञान.

टायगर बार्बवाल्यांची तक्रार तर उलटीच असते. ‘हा मासा भांडखोर आहे, म्हणून दोनच ठेवलेत.’ रोगाचं कारण इथे औषध म्हणून दिलं जातं. सुमात्राच्या पाण्यातला हा बार्ब गटात मानापमान ठरवण्यात गुंतलेला असतो. दहाजण असले की पाठलाग, धक्के, पंख फुगवणं आपसांत वाटलं जातं आणि कुणा एकावर त्याचा मारा होत नाही. दोनच असले तर दुबळ्याला उसंत मिळत नाही, किंवा दोघे मिळून एंजल नाहीतर फायटरच्या लांब पंखांच्या चिंध्या करतात. मग ‘खोडकर मासा’ म्हणून त्यालाच दुकानात परत नेऊन दिलं जातं. मासा खोडकर ठरला तो मालकाच्या हिशेबामुळे.

तिसरा मुद्दा विनोदासारखा सांगितला जातो: ‘माशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची. वळून येईपर्यंत तो विसरलेला असतो, त्याला कसला कंटाळा नि कसलं एकटेपण?’ हे धादांत खोटं आहे. ऑस्ट्रेलियातल्या रेनबो माशांवर कलम ब्राउन यांनी केलेलं काम प्रसिद्ध आहे. सरकत्या जाळीतल्या एका भोकातून निसटायला मासे शिकले आणि 11 महिन्यांनी पुन्हा तीच जाळी समोर आली, तेव्हाही त्यांना वाट आठवत होती. आणि या लेखाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं काही त्यांच्या आधीच्या, 1999 च्या कामात आहे: पाचांच्या गटातले मासे ही सुटका दोघांच्या गटापेक्षा लवकर शिकले. म्हणजे थव्यात मासा हुशारही जास्त असतो. तीन सेकंदांची गोष्ट माशाबद्दल काही सांगत नाही. ती सांगणाऱ्याला रात्री झोप नीट लागावी, एवढाच तिचा उपयोग.

‘आमच्याकडे दोन निऑन वर्षभर जगले की’ हे प्रमाणपत्रही वारंवार पुढे केलं जातं. चांगल्या टाकीत निऑन पाच वर्षं सहज काढतो. त्या हिशेबात वर्षभर जगला याचा अर्थ आयुष्याचा पाचवा हिस्सा जगून मेला. आणि जगणं हीच जर कसोटी असेल, तर कोठडीत माणूसही जगतो.

आता बाऊल. जोडी आणि बाऊल ही दोन पापं एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. बाऊल लहान म्हणून दोनच मासे, आणि दोनच मासे म्हणून बाऊल पुरे. मासा लहान आहे, तेव्हा पाणीही थोडं चालेल, हा तर्क इथे चालत नाही, कारण माशाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब त्याच्या लांबीवर संपत नाही, त्याच्या घाणीवरही होतो. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. चालू स्थितीतल्या टाकीत, फिल्टरच्या स्पंजावर आणि खडीवर वाढलेले जीवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. बाऊलमध्ये फिल्टर नाही, वसाहतीला जागा नाही आणि दोन-तीन लिटर पाण्यात विष पातळ व्हायला वाव नाही. त्यात हवामानाची भर. निऑनला साधारण 22 ते 26 अंश सेल्सिअसचं स्थिर पाणी मानवतं. मूठभर पाणी दुपारी तापतं आणि पहाटे गार पडतं.

यावरचा घरगुती इलाज म्हणजे रविवारची साफसफाई. मासे बादलीत, टाकी मोरीत, खडी नळाखाली, काच साबणाने घासून लख्ख. मालक घामाघूम होतो आणि आपण माशांची किती काळजी घेतो म्हणून समाधानाने बसतो. प्रत्यक्षात त्याने आठवडाभरात कशीबशी धरलेली जीवाणूंची वसाहत नळाच्या क्लोरीनने मारली, उरलीसुरली गटारात सोडली आणि मासे पुन्हा कोऱ्या, निर्जीव पाण्यात टाकले. दोन दिवसांनी मासे वर येऊन धापा टाकतात. मग दुकानदार निळं औषध देतो, पाणी निळं होतं आणि मासे निळ्या पाण्यात मरतात. खरं तर दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावं, त्यात अँटिक्लोरीनचे थेंब घालावेत आणि स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. एवढं पुरतं. यात मेहनत कमी आहे, म्हणूनच कदाचित कुणाचा त्यावर विश्वास बसत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आडवी येते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं, आणि निऑन तर ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. सामू एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो. मऊ पाण्यात जी घाण मासा सोसून नेईल, ती बोअरच्या पाण्यात त्याचा जीव घेते. अशा पाण्याच्या घरात निऑनचा हट्ट धरण्यापेक्षा त्या पाण्यात तगणारी जात निवडावी. रोझी बार्ब तर आपल्याच उपखंडातला, काटक, थंडीही सोसणारा. अर्थात तोही थव्यानेच.

इथेच वास्तूवाल्यांचं विधान तपासून घेऊ. ‘मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं.’ हे वाक्य ऐकून मेलेल्या माशाबद्दल क्षणभर कृतज्ञता वाटते आणि लगेच दुसरा मासा आणला जातो. म्हणजे मासा मरणं ही चूक न राहता सेवा ठरते, आणि पुढच्या माशाचं मरण आधीच पुण्याच्या खात्यावर जमा होतं. त्या घरावर कुठलं संकट होतं, हे मोजण्याचं यंत्र नाही. माशावरचं संकट मात्र दुकानात मिळणाऱ्या अमोनियाच्या टेस्ट किटने पाच-दहा मिनिटांत मोजता येतं. ज्याला श्रद्धा जपायची आहे त्याने जपावी, पण आधी पाणी तपासावं.

आतापर्यंतचे मुद्दे सोपे होते. खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे आणि तो माझ्यावर येतो: ‘दोनऐवजी दहा घ्या म्हणता, म्हणजे पाचपट मासे विकले जाणार. नद्या रिकाम्या करायच्या आहेत का?’

आधी साधा हिशेब करू. बाऊलमध्ये महिन्याला दोन मासे मेले आणि दोन आणले, तर वर्षाला चोवीस आणि पाच वर्षांत एकशे वीस मासे त्या एका बाऊलने खाल्ले. चालू स्थितीतल्या टाकीत दहा निऑन पाच वर्षं जगले, तर त्याच काळात लागले दहा. अधूनमधून दोन-चार मेले तरी पंधराच्या वर जात नाहीत. मासे जास्त खपतात ते जोडीच्या धंद्यात. टाकीत किती मासे दिसतात यावर नजर ठेवणाऱ्यांनी बादलीतून किती बाहेर जातात तेही मोजावं.

मग नदीचा प्रश्न. इथे सगळ्या माशांना एकच उत्तर देता येत नाही. दुकानातले बहुतेक निऑन आज शेतीतले आहेत, आग्नेय आशियातल्या तलावांत आणि टाक्यांत वाढलेले. बार्ब, ब्लॅक विडो, झेब्रा यांची पैदास आपल्याकडेही मोठ्या प्रमाणात होते. चेन्नईचं कोलत्तूर त्यासाठीच ओळखलं जातं. कार्डिनलची गोष्ट निराळी. ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीकाठच्या बार्सेलोस गावाची अर्थव्यवस्था दशकानुदशकं या बोटभर माशावर चालली. तिथे शोभेच्या माशांचा उत्सव भरतो आणि गाव दोन गटांत वाटलं जातं, एक गट कार्डिनलचा आणि दुसरा डिस्कस माशाचा. पुराचं पाणी ओसरलं की तिथल्या डबक्यांत अडकलेले असंख्य कार्डिनल दरवर्षी तसेही मरतात. माणसाला माशातून पोट भरता आलं, तर जंगल तोडायची त्याची गरज कमी होते, असं तिथल्या ‘प्रोजेक्ट पियाबा’चं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य आहे. अशा नदीतून आलेला मासा घेणं हा गुन्हा नव्हे.

पण हाच न्याय सह्याद्रीला लावायचा नाही. डेनिसन बार्ब, म्हणजे दुकानातली ‘मिस केरळ’, केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या पश्चिमवाहिनी नद्यांखेरीज जगात कुठे निसर्गतः सापडत नाही. फ्रान्सिस डे यांनी 1865 मध्ये तिची नोंद केली. 1997 मध्ये सिंगापूरच्या ॲक्वारामा प्रदर्शनात तिचं कौतुक झालं आणि जगभरातून मागणी सुरू झाली. 2005 ते 2012 या काळात भारतातून असे तीन लाखांहून अधिक लाल रेघेचे बार्ब निर्यात झाले. आज ती जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. 2008 मध्ये केरळ सरकारने पकडण्यावर बंदीचे महिने ठरवले, पण माशाच्या विणीचा काळ नीट न पाहता ठरवलेली ती बंदी विणीच्या हंगामाशी जुळत नाही, हे अभ्यासकांनीच दाखवून दिलं. 2013 मध्ये तिला ‘सह्याद्रिया’ या नव्या प्रजातीत ठेवणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. तेव्हा ही काही परक्या मुलखातली गोष्ट नाही. डेनिसन बार्ब चांगला मोठा होतो, सतत पोहतो, त्याला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं आणि दहाजणांचा थवा ठेवायचा तर पाच-सहा फुटी टाकीच्या खाली विचारही करू नये. दोन फुटी टाकीत दोन ‘मिस केरळ’ ठेवणारा माणूस एकाच वेळी नदीचा आणि माशाचा अपराधी असतो. कोचीजवळच्या पनंगाडच्या मत्स्य महाविद्यालयात या माशाची पैदास साधलेली आहे. तेव्हा घ्यायचाच असेल तर पैदाशीतला आहे याची खात्री देणाऱ्याकडूनच घ्या. खात्री मिळत नसेल तर घेऊ नका.

काहीजण याच्याही पुढे जातात. ‘मग मासे पाळूच नयेत, हेच प्रामाणिक उत्तर नाही का?’ या भूमिकेबद्दल मला आदर आहे, पण ती मला पटत नाही. शेतीत जन्मलेला, अनेक पिढ्या टाकीतच वाढलेला मासा आपल्या घरी आणून त्याला थवा, झाडं आणि निर्मळ पाणी दिलं, तर त्याची भीती उतरते आणि तो आयुष्य पुरं करतो. हे सगळं पुरवता येतं. वाघाला जंगल पुरवता येत नाही, म्हणून वाघ घरात नको. आणि एक कबूल करायला हवं: गावाकडच्या ओढ्यात काय पोहतं हे ज्यांनी कधी वाकून पाहिलं नाही, अशा कितीतरी मुलांना माशाचं वागणं पहिल्यांदा दिसतं ते टाकीतच. मात्र ते दिसावं यासाठी टाकीत वागणारा मासा हवा. झाडामागे दडलेल्या जोडीकडून मूल एवढंच शिकतं की मासा ही मेली की बदलायची वस्तू आहे.

राहिला पैशांचा आणि जागेचा मुद्दा. ‘दोन फुटी टाकी, फिल्टर, दहा मासे हे सगळ्यांना परवडतं का?’ दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 54 लिटर पाणी मावतं. त्यात दहा निऑन किंवा तशाच लहान जातीचा एक थवा आरामात राहतो. लागतो एक साधा स्पंज फिल्टर, एक एअर पंप, खडी, दोन-चार खरी झाडं, आणि मासे आणण्याआधी महिनाभर धीर. जिथे हिवाळ्यात कडाका पडतो तिथे एक हीटर. टाकीतल्या पाण्याचंच वजन पन्नास किलोच्या वर जातं, तेव्हा टेबल भक्कम हवं, इतकंच. हेही जमत नसेल तर एकटा राहणारा मासा आहे. बेट्टा, म्हणजे आपला फायटर, स्वभावानेच एकलकोंडा. त्याला झाकण असलेली पंधरा-वीस लिटरची टाकी द्या, हलका फिल्टर द्या, आणि त्याला दुकानातल्या पेलाभर बरणीतून सोडवल्याचं समाधान घ्या. एक मासा ठेवायचा असेल तर एकट्या राहणाऱ्या जातीचा ठेवावा. थव्यातला मासा उपटून त्याला एकटा करू नये.

दहाच का, सहा का नाही, असाही प्रश्न येतो. बरीच जुनी पुस्तकं सहा म्हणतात. सहा ही तळाची रेघ आहे. पहिल्या महिन्यात दोन गेले, तर उरतात चार, आणि चारांचा थवा होत नाही. वर सांगितलेल्या 2010 च्या अभ्यासातला सगळ्यांत मोठा गट दहाचा होता. शंका असेल तिथे माशाच्या बाजूने चूक करावी.

जगात ज्यांनी हा विषय गांभीर्याने घेतला, त्यांनी नियम केले. रोम महापालिकेने 2005 मध्ये गोल बाऊलवर बंदी घातली. स्वित्झर्लंडमध्ये 2008 पासून लागू असलेल्या नियमांनुसार समूहाने राहणाऱ्या प्राण्याला त्याच्या जातीची सोबत देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे असा कायदा कधी येईल याची वाट पाहत बसायचं कारण नाही. हे काम गिऱ्हाइकाच्या हातात आहे. दुकानदार जोडी विकतो कारण आपण जोडी मागतो. एका दुकानाच्या भिंतीवर ‘निऑन किमान दहा, बाऊलसाठी मासे मिळणार नाहीत’ अशी पाटी लागली, तर त्या दुकानाचा धंदा बुडणार नाही. टाक्या आणि फिल्टर जास्त खपतील आणि मेलेल्या माशांच्या तक्रारी कमी होतील.

तेव्हा वाचकांना तीन गोष्टींची विनंती आहे. कुणाच्या वाढदिवसाला बाऊल आणि दोन मासे भेट देऊ नका. दुकानात गेलात तर आधी विचारा की मासा पैदाशीतला आहे की नदीतून धरलेला, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर रिकाम्या हाताने परत या. आणि थव्याचा मासा घ्यायचा ठरवलात तर टाकी महिनाभर आधी चालू करा, मग एकाच जातीचे दहा आणा. यातलं एकही जमणार नसेल तर टाकी रिकामी राहू द्या. रिकामी टाकी कुणाचं काही वाईट करत नाही.